तो दुकानचाच नंबर होता

विलास,

तुझ्या जलदान विधीला आलेले पाहुणे जेवून उठले, तेव्हा वहिनीने मला आतल्या खोलीत बोलावलं. तुझा फोन तिच्या हातात होता. तू शेवटी लावलेले नंबर तिने उघडून दाखवले. सगळ्यात वर एकच नंबर होता, ओळीने तीनदा, सकाळी अकराच्या सुमारास, पाच मिनिटांच्या आत. नाव नव्हतं, पण तू फोनमध्ये कुणाचंच नाव घालायचा नाहीस.

"भाऊजी, हा कुणाचाय?" तिने विचारलं. "लावला तर रिंग पूर्ण जाते. उचलत कुणी नाही."

"बघतो," मी म्हणालो. "चौकशी करतो."

चौकशी कसली डोंबलाची! तो आपल्या दुकानाचा नंबर होता. वहिनी कायम तुझ्याच फोनवर लावायची, तिला तो ओळखू आला नव्हता. झोपेतून उठवून विचारलं तरी मी तो घडाघडा सांगितला असता. मी तेव्हाच सांगणार होतो, खरंच. पण वहिनी पुढे म्हणाली, "ज्यानं त्या दिवशी उचलला नाही ना, त्याला मला एकदा समोर बघायचंय. भांडणार नाय मी. नुसतं बघायचंय." मी मान हलवली, बाहेर आलो, तुझ्या फोटोपुढची मेणबत्ती नीट होती तरी उगाच सरळ केली आणि चपला घालून निघालो. तू असतास तर म्हणाला असतास, "संज्या, पळालास ना?" हो, पळालो.

तू कुठे जन्मलास, काय शिकलास, किती मनमिळाऊ होतास हे मी इथे लिहीत नाही. ते सगळं तुझ्या मेव्हण्याने शिरगावच्या नाक्यावर लावलेल्या बॅनरवर आलंय. त्यात तुझा टाय घातलेला फोटो आहे, जो तुला अजिबात आवडायचा नाही. मनमिळाऊ तर तू मुळीच नव्हतास. आयटीआयपासून इतकी वर्षं आपण एकत्र काढली, त्यातला निम्मा वेळ भांडण्यात गेला आणि उरलेला भांडण मिटण्याची वाट बघण्यात. आपलं शेवटचं भांडण मिटायचं राहिलं. ते कशावरून होतं हे वहिनीलासुद्धा ठाऊक नव्हतं, म्हणून आधी तेच लिहितो.

तुझ्या बिल्डिंगची लिफ्ट अडकायची. आत अडकलेल्याने घंटी दाबली तर ती ऐकायला खाली कुणी असेलच असं नाही. म्हणून तू सोसायटीला म्हणालास, आम्ही डबा बसवून देतो, घंटी दाबली की तो कमिटीच्या तिघांना फोन लावेल. डब्यात काय, तर पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर आणि त्याच्या डोक्यावर बसवलेलं मोडेमचं कार्ड. मोडेम म्हणजे पडदा नसलेला, घंटी नसलेला फोनच. त्यात सिम घालायचं. दोघांचं बोलणं सिरियल पोर्टवरून, म्हणजे दोन तारांवरून: एकीने हा बोलणार, दुसरीने तो बोलणार. याचं तोंड त्याच्या कानाला आणि त्याचं तोंड याच्या कानाला, असं तू शिकायला आलेल्या प्रत्येकाला स्वतःचा कान धरून दाखवायचास.

भांडण त्या पोर्टवरून झालं. या कॉम्प्युटरला एक खोड असते. तो त्याच पोर्टवर दार उघडं ठेवून बसतो. तिथून कुणीही काहीही बोललं, की त्याला वाटतं कुणीतरी आत यायला आलंय. मग तो नाव विचारतो आणि मागोमाग पासवर्ड विचारतो. मोडेम जोडायच्या आधी हे दार बंद करायचं असतं. तू न चुकता करायचास. मी म्हणालो, राहू दे उघडं, उद्या काही बिघडलं तर मोडेम काढून तिथेच लॅपटॉप लावता येईल आणि आत शिरता येईल.

"अरे, पण मोडेमवर कुणाचा फोन आला तर?" तू म्हणालास. "मोडेम म्हणणार, 'रिंग'. ह्याला वाटणार, रिंग नावाचा कोणतरी आलाय. हा म्हणणार, या रिंगभाऊ, पासवर्ड सांगा. तो परत म्हणणार, रिंग. हा म्हणणार, चूक. दोघं बसतील असेच बोलत, आणि फोन करणारा बसेल तिकडे कानाला लावून."

दोघांचे आवाज तू इतके झकास काढलेस, की शेजारचा सिंधी वायरवाला दुकानातून उठून आला. "क्या साईं, नाटक चालू है क्या?" म्हणाला. मीही हसलो. मग मी जे बोललो ते मला आता दिवसातून कितीतरी वेळा ऐकू येतं. मी म्हणालो, "विलास, त्या डब्याला फोन करणार कोण?"

"कुणीतरी करतंच," तू म्हणालास.

मी दहा वेळा घंटी दाबून दाखवली. दहाही वेळा डब्याने बरोबर फोन लावले. तू म्हणालास, चाललं म्हणजे बरोबर असतं असं नाही. मी म्हणालो, तू आता मास्तर झालायस, तुला दुकानात नको, वर्गात बसवायला हवं. हे लागलं तुला. तू हातातली डिसमिस टेबलावर ठेवलीस आणि घरी गेलास. दुसऱ्या दिवशी आलास, पण बोललास फक्त गिऱ्हाइकांशी. आपला अबोला सुरू झाला की वायरवाला दोघांसाठी दोन वेगळे चहा सांगायचा. त्याने तसे सांगितले.

सोसायटीला रविवारचा शब्द दिला होता. तू तुझ्या आईकडे अंबरनाथ पश्चिमेला गेला होतास. मी एकटाच गेलो, गच्चीवर चढलो, लिफ्टच्या मशीन रूममध्ये डबा भिंतीला ठोकला, आणि बघतो तर नवीन सिम सुरूच झालेलं नव्हतं. खाली कमिटीची माणसं टेस्टिंग बघायला उभी होती. खिशात दुकानचा बटणांचा फोन होता. त्यातलं सिम काढलं आणि डब्यात घातलं. दोन दिवसांत नवीन सिम चालू झालं की बदलू, असा हिशेब होता. रिकामा फोन नेऊन दुकानात त्याच्या खिळ्याला अडकवला. तुला सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, विलास, दुकानचं सिम डब्यात आहे, दोन दिवस मला मोबाईलवर लाव. पण अबोला चालू होता आणि पहिल्यांदा मी का बोलायचं? हे सांगताना मला माझी शिसारी येते.

बुधवार उजाडला तरी नवीन सिम चालू झालं नव्हतं. त्या दिवशी तू दुकानात आला नाहीस. मला वाटलं, अजून फुगलाय. मी फोन केला नाही.

तू घरी होतास, छातीत जळजळतंय म्हणून. वहिनीची एमआयडीसीत पहिली पाळी होती. त्यांच्याकडे फोन गेटवर जमा करतात, तिला लागणार नाही हे तुला माहीत होतं. तुला पाठ नंबर चारच: घरचा, आईचा, वहिनीचा आणि दुकानचा. माझा मोबाईल नंबर मी दोनदा बदलला, तेव्हा तू म्हणाला होतास, तुझे नंबर पाठ करायला मला काय दुसरी कामं नाहीत का, दुकानच्या नंबरवर तू सापडतोसच. म्हाताऱ्या आईला तू घाबरवणार नव्हतास. राहिला दुकानचा नंबर. मी तो उचलला असता, तर तुझ्या समोरच्या दारातल्या काकांना एक फोन केला असता आणि मिनिटभरात कुणीतरी तुझ्यापाशी पोचलं असतं. डॉक्टर म्हणाले, कदाचित काही फरक पडला नसता. त्या कदाचितला धरून मी चार रात्री झोपायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

आता सांगतो ते तुला आवडणार नाही. तुझ्या विधीनंतर दोन दिवसांनी मी त्या मशीन रूममध्ये परत गेलो, तो डबा दुरुस्त करायला नाही. मी सिम काढून मोडायला गेलो होतो. नंबर बंद झाला की वहिनीला सांगायचं, रॉंग नंबर असेल, सोडून द्या. असं ठरवूनच मी गच्चीचा जिना चढलो. किल्ली आपल्याकडेच होती.

तुला ती खोली माहीत आहे. ग्रीसचा वास, खिडकीला जाळी, आणि मधूनच कुणी खाली बटण दाबलं की मोटर अंगावर आल्यासारखी सुरू होते. जमिनीत दोरखंडांसाठी भोक आहे आणि त्याखाली सात मजल्यांचा अंधार. डबा भिंतीवर होता. दिवा तीन सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. सिम काढायच्या आधी मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी नेटवर्कच्या वायरने लॅपटॉप जोडला आणि दारावर कोण कोण येऊन गेलं त्याची नोंद उघडली.

नोंदीत तूच म्हणाला होतास तसं होतं. बुधवार, अकराच्या पुढे. कुणीतरी आत यायचा प्रयत्न केला, नाव सांगितलं रिंग. पासवर्ड विचारला. उत्तर आलं, रिंग. चूक. परत नाव विचारलं. रिंग. मध्ये एक ओळ नंबरची होती, कारण फोन करणाऱ्याचा नंबर सांगायची आज्ञा मी आपल्या जुन्या एका कामातून जशीच्या तशी उचलली होती. त्या नंबरलाही डब्याने नाव समजून पासवर्ड विचारला होता. नंबर तुझा होता. असं तीनदा. तू दुसऱ्या मजल्यावर, हा डबा तुझ्या डोक्यावर पाच मजले, आणि तू मरत असताना हा तुला विचारत होता की तू कोण.

मी तिथेच खाली बसलो. बऱ्याच वेळाने मी नोंद पुढे सरकवली. गुरुवारी गिऱ्हाइकांचे एक-दोन नंबर होते, बाकी काही नाही. शुक्रवारी, अकराच्या पुढे, रिंग. खाली नंबर. तुझा.

मी डोळे पुसले आणि परत वाचलं. शनिवारी, अकरानंतर, रिंग, तुझा नंबर. रविवारी तेच. आम्ही तुला शेवटचा निरोप गुरुवारी दिला. मी स्वतः खांदा दिला. आणि त्यानंतर रोज, त्याच वेळेला, तुझा नंबर या दारावर येऊन उभा होता आणि हा त्याला परत पाठवत होता. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही आणि तू तर त्याहून नाहीस. पण त्या क्षणी माझा पूर्ण विश्वास बसला. मला वाटलं, तुला अजून कुणी सांगितलंच नाहीये, म्हणून तू अजून लावतोयस.

घड्याळात पाहिलं तर अकराला पाच मिनिटं कमी होती.

मी उठून जायला हवं होतं. मी गेलो नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसून राहिलो. कुणीतरी लिफ्ट चौथ्यावर नेली, मोटर थांबली, मग शांत. अकरा वाजले, पाच मिनिटं गेली. मला हायसं वाटायला लागलं होतं आणि तेवढ्यात डब्यावरचा दिवा भराभर लुकलुकायला लागला. आवाज काही नाही. नोंदीत ओळ उमटली, रिंग. पासवर्ड. रिंग. आणि मग तुझा नंबर, एकेक आकडा ओळखीचा.

खरं सांगू? मी तेव्हाही उचलला नाही. लॅपटॉप हातात होता, काय टाइप करायचं ते ठाऊक होतं, आणि मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो, कारण उचलला आणि पलीकडून तुझा आवाज आला तर मी काय करणार होतो?

मग दोरखंडांच्या भोकातून, खालून, अगदी बारीक आवाज आला. बाईचा. "उचला ना कुणीतरी." थोडं थांबून परत, "उचला ना."

तू गेल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी तुमचं दार उघडंच असतं आणि ते लिफ्टला लागून आहे. वहिनी दारात उभी राहून तुझ्याच फोनवरून तो नंबर लावत होती, तू लावलास त्याच वेळेला. रोज. मला कळलं आणि भीती गेली. भीती गेल्यावर जे उरलं ते भीतीपेक्षा वाईट होतं.

मी सिमला हात लावला नाही. जिन्याने खाली उतरलो. ती अजून दारातच होती, फोन हातात.

"वहिनी," मी म्हणालो, "तो नंबर दुकानचा आहे. मी उचलायला हवा होता. सिम मी काढून वरच्या डब्यात घातलं होतं आणि विलासला सांगितलं नव्हतं. आम्ही बोलत नव्हतो."

विधीच्या दिवशी म्हणाली होती तेच तिने केलं. नुसतं बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी मान खाली घातली नाही, एवढी एक गोष्ट मला त्या दिवशी जमली.

"म्हणजे ते तुम्हाला बोलवत होते," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, कुणीतरी परका असेल. ऐकूनपण उचलला नाय, असा कुणी." मग म्हणाली, "माफ केलं असं मी आता म्हणणार नाय, भाऊजी. पुढचं माहीत नाय."

"नका म्हणू," मी म्हणालो.

"दाखवा मला ते."

आम्ही लिफ्टने वर गेलो. सातव्यापर्यंत दोघंही दाराच्या जाळीकडे बघत होतो. गच्चीच्या जिन्यावर तिने कठडा धरला, मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही. मशीन रूममध्ये तिने डब्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढासा?"

"एवढासाच."

"वाजत नाय?"

"घंटी नाही त्याला. दिवा लागतो नुसता."

तिने तुझ्या फोनवरून नंबर लावला. दिवा भराभर लुकलुकला. मी तिला लॅपटॉपवर ओळी दाखवल्या. ती शाळेत वाचतात तशी बोट लावून वाचत होती. "हे काय विचारतंय?" म्हणाली. मी सांगितलं, पासवर्ड विचारतोय, त्याला वाटतंय कुणी अनोळखी आलंय. रिंग संपली. पदराने तिने डब्यावरची धूळ पुसली, का पुसली कोण जाणे.

"उचलता येतो का हा?"

"येतो. दोन मिनिटं द्या मला."

तू त्या दिवशी दुकानात सांगत होतास ते मी केलं, विलास. पोर्टवरचं दार बंद केलं. एक ओळीचं काम होतं. कॉम्प्युटर गप्प झाला, पोर्ट मोकळा झाला आणि माझ्या समोर नुसता मोडेम राहिला. तुझं बरोबर होतं, हे मी तुझ्या तोंडावर कधीच म्हटलं नसतं, आता लिहून देतो. पूर्णपणे बरोबर होतं.

"लावा," मी म्हणालो.

पडद्यावर रिंग आलं. नंबर आला. मी ए, टी, ए अशी तीन अक्षरं दाबली. मोडेमच्या भाषेत त्याचा अर्थ, फोन उचल.

वहिनीच्या हातातल्या फोनवर सेकंद मोजायला सुरुवात झाली. ती दचकली. मग दोन्ही हातांनी फोन कानाला लावला आणि भिंतीकडे वळली.

"अहो," ती म्हणाली. "अहो, मी ड्युटीवर होते हो. फोन गेटवर जमा होता." मोटर सुरू झाली, तिला थांबावं लागलं. मोटर बंद झाल्यावर म्हणाली, "मी म्हणत होते, राहते घरी. तुम्हीच म्हणालात, जा."

मी बाहेर जायला हवं होतं. पण दाराशी तीच उभी होती. मी खाली दिव्याकडे बघत राहिलो. ती आणखी काहीतरी हळू बोलली, ते तुमचं दोघांचं आहे, मी ऐकलं नाही असं समज. मग ती वळली आणि फोन माझ्यापुढे धरला. तिचा चेहरा ओला होता आणि आवाज मात्र साफ होता.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हालाच लावलावता ना त्यांनी."

मी फोन घेतला. सेकंद चालूच होते. कानाला लावला. पलीकडे काही नव्हतं, लाइन उघडी असल्यावर येते ती बारीक खरखर फक्त. तुझी माफी मागायची होती, सिमचं सांगायचं होतं, भांडण मिटवायचं होतं. यातलं काही आलं नाही. इतकी वर्षं दुकानात रिसीव्हर उचलून, मग बटणांचा फोन उचलून, मी जे म्हणायचो तेच तोंडातून बाहेर पडलं.

"हां विलास, बोल."